आधी दवाखाना, मग कॉलेज

‘प्राध्यापकाच्या पगारात म्हशीचं बाळंतपण परवडतं का?’

मी नोकरीत असताना एका बैठकीत हा प्रश्न ऐकला. विचारणारे गृहस्थ हिशेबाला पक्के. जनावरांशी त्यांचा संबंध चहातल्या दुधापुरता. म्हणणं असं की पशुवैद्यक महाविद्यालयातले विभाग एकाच वेळी तीन दुकानं मांडून बसलेत, शिकवण्याचं, संशोधनाचं आणि उपचाराचं, आणि त्यातलं एकही धड चालत नाही. तेव्हा दवाखाना एखाद्या ट्रस्टला नाहीतर कंपनीला चालवायला द्यावा, संशोधन संशोधनसंस्थांवर सोपवावं आणि मास्तरांनी वर्गात शिकवावं. पोरांना हाताला काम हवं असेल तर वर्षभर बाहेर पाठवावं.

त्या दिवशी मी गप्प बसलो. प्रसूतिशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं गेली होती, निवृत्तीला दोन उरली होती, आणि अशा बैठकांत जो बोलतो त्याच्याच गळ्यात समिती पडते हे अनुभवानं माहीत होतं. आता समितीची भीती नाही. मधल्या काळात हाच युक्तिवाद आमच्या पेशातली माणसंही करू लागली आहेत, ओपीडीला कंटाळलेले तरुण प्राध्यापकसुद्धा. म्हणून हे उशिराचं उत्तर.

दवाखाना म्हणजे कॉलेजला मागाहून काढलेली पडवी, असा या मंडळींचा समज दिसतो. महाराष्ट्रात तरी क्रम उलटा आहे. प्राण्यांचा छळ थांबवण्यासाठी मुंबईत १८७४ साली संस्था निघाली. सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचं हॉस्पिटल उभं राहिलं, त्याला त्यांच्या पत्नी साकरबाईंचं नाव मिळालं आणि १८८४ साली ते उघडलं. मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय त्यानंतर आलं, २ ऑगस्ट १८८६ रोजी, आणि ते त्याच आवारात भरलं. ट्रामचे घोडे, गाड्यांचे बैल तिथं रोज येतच होते. शिकवायचं तर जनावर लागतं, आणि जनावर जिथं येतं तिथं शाळा नेली, इतका साधा हिशेब होता.

तिथले पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. परळला येण्याआधी १८८५ साली या माणसानं ब्रह्मदेशातल्या लष्करी खेचरांच्या तापाचा शोध घेतला होता. ज्याला आपण ‘सर्रा’ म्हणतो, त्याचे जंतू ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात पाहिले होते. स्टील यांनी ते खेचरांत पाहिले. पशुवैद्यकाचं एक त्रैमासिक त्यांनी हिंदुस्थानात सुरू केलं, पाठ्यपुस्तकं लिहिली, कॉलेज चालवलं, रोगी जनावरं तपासली आणि १८९१ साली, चाळिशीही न गाठता, वारले. त्यांच्या या तीन कामांची तीन खाती कोणी पाडली असती तर कुठलं काम उरलं असतं, हे मला अजून सुचलेलं नाही.

यावर एक हुशार उत्तर मी ऐकलं आहे: परळचं हॉस्पिटल तर संस्थेच्याच मालकीचं होतं, कॉलेज सरकारचं, म्हणजे वेगवेगळंच की! मालकी वेगळी होती, कबूल. पण गोठा एक होता. विद्यार्थी ज्या घोड्याचा पाय उचलून बघत, तोच घोडा हॉस्पिटलचा रोगी होता. वाद सातबाऱ्यावर नाव कोणाचं याचा नाहीच. आजारी जनावरापुढे शिकवणारा, शिकणारा आणि शोधणारा एकाच वेळी उभे असतात की नाही, याचा आहे.

आता त्या न परवडणाऱ्या बाळंतपणाकडे येतो.

पावसाळ्याचे दिवस. सकाळी साडेआठला टेम्पोतून म्हैस उतरवली. आदल्या संध्याकाळपासून कळा देत होती, पाण्याची पिशवी बाहेर आलेली नाही, सारखी पोटाला लाथा मारत होती. गावातल्या कोणीतरी कळा वाढवायचं इंजेक्शन देऊन झालं होतं. म्हैस खोड्यात घेतली. इंटर्नशिपच्या मुलीनं खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, साबणाचं पाणी घेतलं. मालक माझ्या कानाशी आला, ‘‘सायेब, ही पोरगी हात घालनार व्हय?’’

‘‘आधी ती, मग मी,’’ म्हटलं.

मुलीचा हात कोपराच्या जरा पुढं गेला आणि अडला. म्हणाली, ‘‘सर, गर्भाशयाचं तोंड लागत नाही. वळ्या लागतात.’’

‘‘पीळ कुठल्या बाजूला?’’

‘‘डावीकडे.’’

‘‘डोळे मीट. आता सांग, हात पुढं सरकताना तळवा कुठं वळतोय?’’

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘उजवीकडे, सर.’’

गर्भाशयाला पीळ बसणं हे म्हशींत गाईंपेक्षा पुष्कळ जास्त दिसतं, आणि बहुतेक वेळा पीळ उजवीकडेच असतो, कारण डाव्या अंगाला मोठं पोट जागा अडवून बसलेलं असतं. पुस्तकात ही दोन वाक्यं आहेत. ती मुलगी परीक्षेत ती बिनचूक लिहून आली होती. पण बाजू चुकली तर पुढचं सगळं चुकतं. म्हशीला ज्या बाजूचा पीळ त्या कुशीवर निजवायचं, पाय बांधायचे, पोटावर लांब फळी आडवी टाकायची, फळीचं एक टोक जमिनीवर, त्यावर एक माणूस उभा. मग पिळाच्याच दिशेनं म्हैस लोळवायची. फळीनं गर्भ जागच्या जागी धरून ठेवायचा आणि अंग त्याच्याभोवती फिरवायचं, म्हणजे पीळ सुटतो. उलट्या बाजूला लोळवलं तर पीळ आणखी आवळतो. डावी की उजवी, या एका शब्दावर साठ-सत्तर हजारांचं जनावर आणि एका घराचा दुधाचा रतीब टांगलेला असतो.

दोनदा लोळवून पीळ सुटला नाही. तिसऱ्यांदा लोळवल्यावर मुलीनं पुन्हा हात घातला. तिच्या कोपरावरून गढूळ पाण्याचा लोंढा आला आणि हात सरळ आत गेला. रेडकू मेलेलं निघालं. म्हैस वाचली. मालकानं खाली बसून बिडी पेटवली आणि मुलीला विचारलं, ‘‘ताई, गाव कंचं तुमचं?’’

या तासाभरात मी शिकवलं किती आणि उपचार किती केला, हे वेगळं काढून दाखवा. वर्गातल्या फळ्यावर मी हाच पीळ रंगीत खडूंनी वीस वर्षं काढला. फळ्यावर तो सगळ्यांना कळतो. हाताला कळायला मात्र म्हैसच लागते, शेजारी चूक धरणारं कोणीतरी लागतं, आणि ती चूक म्हशीपर्यंत पोहोचण्याआधी धरली जावी लागते. खासगी कंत्राटदाराच्या दवाखान्यात हा चूक धरणारा माणूस असेल कशाला? तिथल्या डॉक्टरला पुढचा रोगी बघायचा असतो. तो स्वतः हात घालील, पीळ सोडवील, आणि मुलगी फळी धरून उभी राहील.

‘बाहेर पाठवा’वाल्यांचा आवडता दाखला परदेशाचा. इंग्लंडात नॉटिंगहॅमनं २००६ साली पशुवैद्यकाची शाळा काढली ती स्वतःचं मोठं शिकवणी-हॉस्पिटल न बांधताच. कॅनडात कॅलगरीचंही साधारण तसंच. दाखला खरा आहे, अर्धा सांगितलेला आहे. नॉटिंगहॅमनं आसपासच्या मोठ्या खासगी दवाखान्यांशी करार केले आणि तिथं विद्यापीठाचे पगारी शिक्षक नेऊन बसवले. म्हणजे हॉस्पिटलची इमारत वाचवली, शिक्षक नाही. आणि त्या दवाखान्यांत एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ततपासणी, प्रत्येक रोग्याची नोंद हे सगळं आधीच होतं. आपल्याकडे तालुक्याच्या गावी काय आहे? श्रेणी-१चा दवाखाना असेल तर एक पशुधन विकास अधिकारी, श्रेणी-२चा असेल तर पशुधन पर्यवेक्षक, एक फ्रिज, लसीकरणाचे तक्ते आणि फिरतीचा भला मोठा परिसर. ती माणसं राबतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गाईबैल आणि ५६ लाख म्हशी निघाल्या. त्यांचा भार यांच्या खांद्यावर आहे. त्यात ‘ही घ्या चार पोरं, शिकवा’ म्हणणं म्हणजे शिकवणं नव्हे, पोरं सांभाळायला देणं आहे. गावाकडची फिरती इंटर्नशिपमध्ये असावीच, ती आजही असते. पण गावात जाण्याआधी डावं-उजवं कळलेलं असावं, एवढंच.

संशोधन संशोधनसंस्थांवर सोपवावं, हा तिसरा तुकडा. संशोधनसंस्थांचा मला आदर आहे. आज ज्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचा पत्ता उत्तर प्रदेशात बरेलीजवळचा आहे, तिची सुरुवात १८८९ साली आपल्या पुण्यात एका प्रयोगशाळेनं झाली होती. बुळकांडी देशातून हटवायला अशा संस्था लागतात. पण प्रश्न कुठून येतो? तो प्रयोगशाळेत उगवत नाही. तो टेम्पोतून उतरतो.

याचं सगळ्यात कडू उदाहरण आमच्याच पेशातलं आहे, आणि प्रतिपक्षाला ते ठाऊक नसावं, नाहीतर त्यांनी ते आमच्याविरुद्ध वापरलं असतं. १९९०च्या दशकात डायक्लोफेनॅक स्वस्त झालं आणि लंगडणाऱ्या, सुजलेल्या, तापलेल्या प्रत्येक जनावराला आम्ही ते टोचू लागलो. मीही टोचलं. जनावर उठून उभं राहायचं, मालक खूश. त्याच वर्षांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश भरतपूरला गिधाडं मोजत होते आणि ती झपाट्यानं कमी होत होती. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात शंभरातली नव्याण्णवच्या वर नाहीशी झाली. कारण सापडलं ते २००४ साली, पाकिस्तानात केलेल्या अभ्यासातून: मेलेल्या गिधाडांची पोटं उघडली, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर दिसला, आणि माग काढता काढता तो त्यांनी खाल्लेल्या जनावरांतल्या डायक्लोफेनॅकपर्यंत गेला. भारतात जनावरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली.

आता सांगा, औषध कोणी दिलं? आम्ही. मेलेली जनावरं कोणाच्या नोंदीत होती? आमच्या. शवविच्छेदन करणारा विकृतिशास्त्र विभाग मेडिसिनच्या ओपीडीपासून किती लांब होता? चालत दोन मिनिटं. तरी आम्हाला काही दिसलं नाही, कारण ओपीडीवाले इंजेक्शन देऊन मोकळे, विकृतिशास्त्रवाले आलेली कलेवरं उघडून मोकळे, आणि औषधशास्त्रवाले उंदरांत. एकाच आवारात आमची तीन खाती आधीच पडली होती. ती आणखी पक्की करणं हा त्यावरचा इलाज म्हणून सुचवला जातो, तेव्हा मला हसावं की काय करावं कळत नाही.

दुसरी गोष्ट याहून लहान आहे आणि जास्त बोचते. एका कॉलेजात, नाव सांगत नाही, वीसेक वर्षांचे ओपीडीचे केसपेपर आणि प्रसूतीची रजिस्टरं एका दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेली. गाव, जनावराची जात, वेत कितवं, कळा सुरू होऊन किती तास झाले, आधी कोणी काय टोचलं, पीळ कुठल्या बाजूला, रेडकू जिवंत की मेलेलं. हे सगळं शाईत होतं. कुठल्या गावातून म्हैस नेहमी उशिरा येते? कळांचं इंजेक्शन आधी दिलेल्या म्हशींचं पुढं काय होतं? पिळाचे रोगी कुठल्या महिन्यांत वाढतात? उत्तरं त्या गठ्ठ्यात होती. मी चौकशी केली तेव्हा कारण मिळालं ते ऐका: ‘‘सर, ती हॉस्पिटलची कागदपत्रं होती, रिसर्चची नव्हती.’’ त्याच वर्षी त्या कॉलेजात पदव्युत्तर विद्यार्थी सहा-सहा निरोगी शेळ्यांच्या रक्तातले घटक मोजून प्रबंध लिहीत होते. शेळ्यांना काही झालेलं नव्हतं. प्रबंधांनाही पुढं काही झालं नाही.

म्हणजे प्रतिपक्षाचं निदान सगळंच चुकीचं नाही. चुकलाय तो उपचार. आमच्या विभागांत काय सडलंय हे आम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे. एका गरीब गाईला वीस-वीस विद्यार्थ्यांनी लागोपाठ हात घालून तपासलेलं मी पाहिलं आहे आणि सुरुवातीच्या वर्षांत ते थांबवलेलं नाही, याची लाज वाटते. त्यासाठी आता कृत्रिम सांगाडे मिळतात, कत्तलखान्यातून आणलेली गर्भाशयं मिळतात. पहिले दहा हात तिथं घालावेत. दुपारनंतर ओपीडीला कुलूप लागतं आणि म्हशी मात्र रात्री वितात. शहरातल्या कॉलेजात कुत्र्यामांजरांचीच रीघ लागते. तेही रोगीच आहेत, त्यांना नाकं मुरडण्यात अर्थ नाही; पण पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलानं विणारी म्हैस पाहिलेलीच नसेल तर त्याला गावी धाडून उपयोग काय? आणि शिक्षकाचा दिवस खाणारं चौथं दुकान, ज्याचा हिशेबाच्या त्या गृहस्थांनी उल्लेखही केला नाही, ते म्हणजे मूल्यांकनाच्या फायली. ओपीडी उशिरा सुरू झाली तर कोणी विचारत नाही. फाइल उशिरा गेली तर नोटीस येते. बढतीच्या गुणांत छापलेला लेख मोजला जातो, वाचलेली म्हैस मोजली जात नाही. मग तरुण प्राध्यापक ओपीडी टाळतो यात नवल ते काय? त्याला ओपीडीतून सोडवणं सोपं आहे. ओपीडीला त्याच्या बढतीत जागा देणं अवघड आहे, कारण त्यासाठी नियम बदलावे लागतात आणि नियम बदलायला बैठकीत बोलावं लागतं.

राहिला पैसा. दवाखाना तोट्यात चालतो म्हणे. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा नफ्यात चालते का? शरीररचनेच्या विच्छेदनगृहाचा ताळेबंद कोणी मागितला आहे? शेतकऱ्याच्या केसपेपरचे पैसे ही दवाखान्याची कमाई नव्हेच. दवाखान्याची कमाई म्हणजे तिथं तयार झालेला हात. कंपनीच्या ताब्यात दवाखाना गेला तर पहिल्या वर्षी फी वाढेल, दुसऱ्या वर्षी म्हशी येणं बंद होईल आणि तिसऱ्या वर्षी तिथं फक्त कुत्र्यांचं ग्रूमिंग उरेल. हे भाकीत आहे, पुरावा नव्हे. पण ज्या माणसाकडे टेम्पोच्या भाड्याचेच पैसे उसने असतात तो काय करील, हे ओळखायला फार अक्कल लागत नाही.

आणि अशी एक कमाई आहे जी कुठल्याच ताळेबंदात बसणार नाही. मेडिसिनच्या माझ्या एका सहकाऱ्याकडे लाळ गळणारी गाय आली होती. आंब्याचे दिवस. मालक म्हणाला, घशात बाठ अडकलीय, घरच्या दोघांनी हात घालून पाहिलं, लागली नाही. दोन विद्यार्थी उत्साहानं तोंड उघडायला पुढं झाले. सहकाऱ्यानं गाईचं हंबरणं ऐकलं, घोगरं, बसलेलं, आणि ओरडला, ‘‘हात मागे!’’ गाय दोन दिवसांत गेली. मेंदूच्या नमुन्यात रेबीज निघाला. गाय जाण्याआधीच, त्याच दुपारी, मालकाच्या घरातली सगळी माणसं सरकारी दवाखान्यात लस घ्यायला पाठवली होती, हात घातलेले दोघे आणि कच्चं दूध प्यायलेली पोरंही. गाय वाचली नाही, म्हणजे उपचाराच्या रकान्यात शून्य. लेख छापला गेला नाही, म्हणजे संशोधनाच्या रकान्यात शून्य. ओपीडीतली गोष्ट, म्हणजे अध्यापनाच्या तासांतही शून्य. ते दोन विद्यार्थी आज कुठल्यातरी तालुक्याला डॉक्टर आहेत, आणि लाळ गळणारं जनावर दिसलं की आधी त्याचं हंबरणं ऐकतात.

ज्यांना ही तीन कामं वेगळी करायची आहेत त्यांना माझी एकच विनंती आहे. ठराव मांडण्याआधी आठवडाभर, सकाळी साडेआठला, कुठल्याही पशुवैद्यक महाविद्यालयाच्या ओपीडीत खोड्याशेजारी उभे राहा. जुने कपडे आणि गमबूट घालून या. आणि येताना तिथली जुनी रजिस्टरं कुठं आहेत, तेवढं विचारा.